दाव्याची सुरगाठ

ती. आई,
तुझ्या पायांना इथूनच हात लावतो.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं आणि हो, कान बांधूनच पाण्यावर जातो.

काम खेकडे धरायचं. एका माणसापुरती चिंचोळी होडी असते, कायाक म्हणतात तिला. पिंजऱ्यात माशाचं डोकं अडकवून तो तळाला सोडायचा, दोर होडीला बांधायचा आणि थोड्या वेळाने वर ओढायचा.

परवा माझा पिंजरा खडकात अडकला. पाण्याची ओढ वाढली, होडी कलली. मी दोराचं टोक खेचलं आणि गाठ सुटली. पिंजरा गेला, एवढंच. तू दाव्याला मारतेस तीच सुरगाठ. गोठ्याला आग लागली तर गाय एका हिसक्यात सुटली पाहिजे, म्हणायचीस.

माझा जोडीदार हसायचा. "तुझी गाठ म्हणजे नुसती नावाला!" त्याच्या गाठी पक्क्या. त्याच दिवशी त्याचाही पिंजरा अडकला. होडी पालथी सापडली, दोर तसाच घट्ट. तो वाचला नाही.

तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

त्यालाही आई आहे. तिला मीच कळवायचं ठरलंय. सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय, आणि लिहून झालं ते तुला.

तुझा,
धाकटा