दानात आलेली गाय आणि तीन कोंबड्या

सौ. मालिनी हिला सप्रेम क्षमायाचना.

रविवारी सामान घेऊन कायमचा पुण्याला तुझ्याजवळ, आपल्या लेकीच्या, आभाच्या घरी येतो म्हणालो होतो. जमत नाही. दारात आजारी गाय आहे.

तीस वर्षं मी रामकुंडावर गोदानात गाईऐवजी नारळच घेतला. परवा पिंपळगावच्या गोरक्षने आईच्या बाराव्याला टेम्पोतून खरी गाय उतरवली. सवयीने हातावर पाणी घेऊन मी ‘प्रतिगृह्णामि’, म्हणजे दान स्वीकारलं, असं म्हणूनही टाकलं. सुजलेली कास नंतर दिसली. मग टोपलीतून तीन कोंबड्या निघाल्या.

“आईच्या हायेत, गुरुजी. त्यांच्याबिगर गाय चारा खात नाय.”

तुझ्या तुळशीजवळ कोंबड्या! त्यांच्या डोळ्यांवर देवीचे फोड आहेत. सोवळं नेसून मी त्यांना हळद-खोबरेल लावतो. हसू नकोस.

गोशाळावाले म्हणतात, बरी झाली की गाय आणा, कोंबड्या नकोत. आणि घेतलेलं दान परत देता येत नाही, हे जन्मभर मीच लोकांना बजावत आलो.

आभा फोनवर म्हणाली, तू गॅलरीत माझी खाट मांडून ठेवली आहेस. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. वाचलंस तर खाट उचलून ठेवशील.

तुझाच,
दिवाकर