खुरपलेल्या नेपियरबद्दल दादांना

तीर्थरूप दादांना मंगलचा साष्टांग नमस्कार (हातातलं खुरपं खाली ठेवून घातला आहे, तेव्हा बिनघोर पुढं वाचा).

तुमचे गुडघे कसे आहेत? दुखत असतील तर सांगू नका. माझं गवत उपटताना दुखले नाहीत, मग आता कशाला कौतुक? फोन केला की "आवाज येईना" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र केजच्या जीपवाल्याच्या हाती देते आहे. आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आषाढात तुम्ही धारूरला आमच्याकडे विसाव्याला आलात. (विसावा कुठला! खुरप्याशिवाय तुम्हाला करमत नाही.) आम्ही दोघं बाजाराहून येतो तर विहिरीखालचं अर्धा एकर रान तळहातासारखं स्वच्छ, आणि तुम्ही बांधावर बसून हसताय. "कावून गं मंगल, जावयाच्या काळ्या रानात एवढं गवत? लोक काय म्हनतील?" दादा, ते नेपियर होतं, जनावरांच्या चाऱ्याचं गवत. ते उगवलं नव्हतं, लावलं होतं. शेणखत घालून, कांडी कांडी पुरून! जन्मभर गवत काढणाऱ्याला कुणी ते मुद्दाम लावेल हे पटणं अवघड, मान्य. पण सरीत, ओळीनं, हातभर अंतरावर उगवणारं शिस्तीचं गवत तुम्ही आधी कुठं बघितलं होतं? आणि तुमचे जावई! एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर वाडी गोळा करतात. त्या दिवशी "लई बेस केलं, मामा" म्हणून मलाच चहा ठेवायला सांगतात.

वर तुमचं ठरलेलं, जनावराला कडबा आणि रानाला कापूस. नुसत्या कडब्यावर आमची गाय वासरू पिऊन उरलं तर चहापुरतं द्यायची. गेल्या साली बांधाला याच गवताची चार ठोंबं लावली, हिरवं कापून कडब्याच्या कुट्टीत मिसळलं, तर तीच गाय डेअरीला दूध घालू लागली. म्हणून यंदा दुसरी गाय आणली आणि मुकादमाला दारातूनच माघारी धाडलं. ऊसतोडीला आम्ही जाणार नाही. लोकाच्या फडात कोयता चालवण्यापेक्षा माझ्या रानात माझं गवत कापीन. तुम्ही म्हणाल, पोरीला मस्ती आली. आली आहे. तुम्ही दहा वेळा उपटा, मी अकराव्यांदा लावीन.

तुमचीच (आणि तुमच्यासारखीच हट्टी),
मंगल

ता. क. उपटलेलं गवत तुम्ही "म्हशीला नेतो" म्हणून पोतं भरून नेलंत. आई सांगते, म्हशीनं चाटूनपुसून खाल्लं, दूध वाढलं, आणि उरलेली ठोंबं तुम्ही मोरीच्या पाण्यावर गुपचूप लावलीत. आता कमरेएवढी झालीत. ती माझी आहेत. फोडून दोन पोती घेऊन या. दसऱ्याच्या आत रान भरलं नाही तर मुकादम पुन्हा दारात येईल, आणि एकटीच्या जोरावर मी तुमच्या जावयांना किती दिवस अडवू?

आणखी एक. दर साली दिवाळीनंतर आमच्या पोरीला, संस्कृतीला, तुमच्याकडे सोडून आम्ही कारखान्याला जातो. यंदा ती येणार नाही, इथल्याच शाळेत जाईल. आईला वाईट वाटेल, म्हणून तिलाही घेऊन या, आणि चार दिवसांपुरतं येऊ नका. हिवाळ्यात पोरीला आई आणि आजी-आजोबा एकाच घरात अजून एकदाही मिळालेले नाहीत.