पट्ट्यातला हात

३ मार्च, रविवार
जॉर्जियात मुलीकडे राहायला येऊन आठच दिवस झाले आणि चर्चमध्ये मला कामही मिळालं! उपासना संपली की जेवणाच्या हॉलमध्ये, तळलेल्या कोंबडीच्या घमघमाटात, लोकांचं प्रेशर मोजायचं आणि कार्डावर लिहायचं. नर्स लॅव्हिनियानं शिकवलं. माझ्या मुलीच्या वयाची आहे. माझी शाळा सातवीत सुटली, आकडे कळतात. तरी दोनदा बघतो. गाणाऱ्यांतल्या सिस्टर मोझेल (इथे सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात) म्हणाल्या, "ब्रदर हॉलिस, पट्टा माझ्या हाताला बांधलाय, थरथरताय तुम्ही." सगळे हसले. मीही. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

१७ मार्च
उपासनेत गाण्यानं प्रेशर चढतं, म्हणून इथे दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजतात आणि दुसरा आकडा लिहितात. मोझेलबाईंचा पहिला १९२, दुसराही १९२. एकशेऐंशीच्या वर गेलं की लॅव्हिनिया थेट इस्पितळात धाडते. ईस्टरला मोझेलबाई एकट्या गाणार आहेत, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी माझं मनगट धरलं. "कमी करून लिहा ना. ईस्टर झाला की माझी मीच जाईन." मी १४२ लिहिलं.

३१ मार्च, ईस्टर
तिसऱ्या कडव्याला त्या कोसळल्या. उठल्याच नाहीत.
लॅव्हिनियानं कार्डावरचं १४२ पाहिलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. तुमचा काही दोष नाही, म्हणाली. मी कार्ड उलटं ठेवलं.

७ एप्रिल
ज्याला पट्टा बांधावा त्याचं १९२. नव्या यंत्रावरही. लॅव्हिनिया मोजते तेव्हा ठीक येतं. दुःखात डोळे फसवतात, म्हणाली. खरं सांगायला तोंड उघडलं — नाही जमलं.

१४ एप्रिल
समोरची खुर्ची रिकामी होती. टेबलावरचा पट्टा आपोआप फुगला. आत बोटं घातली — ऊब. नाडी लागली.

२१ एप्रिल
सगळे घरी गेलेत. लॅव्हिनियाचं डोकं दुखत होतं. तिचं कधी कोणी मोजत नाही, म्हणून मी मोजलं. १९२. पुन्हा १९२. मनात म्हटलं, हा मोझेलबाईंचाच आकडा. तिला सांगितलं, सगळं ठीक आहे. ती बाकावर आडवी झाली.

तिचं तोंड वाकडं झालंय. हाक मारली — ओ नाही. फोन भिंतीवर, पाच पावलांवर — मध्ये खुर्ची — मोझेलबाई बसल्यात, बाही वर करून — रागावल्या नाहीत, हात पुढे केलाय, आधी माझं मोजा म्हणतात — पाय हलत नाहीत, पेन्सिलच तेवढी — लॅव्हिनिया, पोरी, तो आकडा तुझाच हो—