आमदारसाहेबांची २००९ सालची कोनशिला

दापोडी,
बुधवार, सकाळी साडेदहा

आदरणीय दाजी समाधानराव यांस दत्तोबाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. फोन केला असता, पण हल्ली फोन कोण ऐकतं याचा भरवसा नाही, आणि दीपमाला ऐकते याचा पक्का भरवसा आहे. तुमचा गुडघा, तिचं पित्त, सगळं ताळ्यावर असेल असं धरतो. कंपनीची बस चौकात अजून तशीच अडकते का? आणि स्वयंपाकघरातला ओटा कसा आहे? तुमच्या वास्तुशांतीला माहेरचा आहेर म्हणून मी बसवला तो. तडा नाही ना कुठे? जोडातून पाणी मुरत नाही ना? (सहज विचारतो. आपल्या हातचं काम, म्हणून.)

आमदार आबाजी अकरा वर्षांनी पुन्हा जुन्या पक्षात गेले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. मला ते अठरा दिवस आधी कळलं होतं. त्यांनी तीन कोनशिलांचं काम दिलं आणि निरोप धाडला की खालची नावं कोर, वरची पक्षनेत्यांची जागा सध्या कोरी राहू दे. तिथेच मी ओळखलं. एकतीस वर्षं या माणसाचे दगड मी कोरतोय. सरपंच होते तेव्हा समाजमंदिर, झेडपीत शाळेच्या खोल्या, मग पाच वेळा आमदार, मधे सात महिने राज्यमंत्री (त्या सात महिन्यांत बावीस दगड, माझा उजवा अंगठा तेव्हापासून वाजतो). हे काम मला कोणी शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटल्यावर जुन्या दगडांवर कागद ठेवून, पेन्सिल घासून अक्षर शिकलो. म्हणून सांगतो, माणूस भाषणात काहीही बोलेल, नावांचा क्रम लावताना खरा कळतो. ज्याचं नाव एक ओळ खाली सरकतं, त्याला आबाजी सहा महिन्यांत सोडतात.

तर सोमवारी त्यांचा पीए रविराज दुकानात आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मला वास आला. त्याला नवा दगड नको होता, जुना हवा होता. ओढ्यावरच्या पुलाच्या भूमिपूजनाचा, २००९चा. साहेबांनी २०१४ला पक्ष सोडला तेव्हा त्या दगडावरची सत्तावीस नावं अडचणीची झाली, म्हणून तो उपटून ‘विल्हेवाट लाव’ म्हणून माझ्याकडेच टाकला होता आणि त्या जागी नव्या पक्षाच्या नावांचा दुसरा बसवला होता. (पूल अजून दोन खांबांवर थांबलाय. भूमिपूजनं मात्र दोन झाली.) आता जुन्या पक्षातले लोक आबाजींना उपरा म्हणतात. रविवारी प्रदेशाध्यक्ष येणार, त्यांना तो दगड दाखवून सांगायचं की मी मुळापासून तुमचाच. मी म्हटलं, तसाच नवा कोरतो, तारीख जुनी घालतो. तर म्हणतो, “काका, नारळ फोडताना त्याचा कोपरा उडाला होता. नारळ अध्यक्षांनीच फोडला होता. ते आधी कोपरा बघणार.”

मग साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. खांद्यावर हात ठेवला (एकतीस वर्षांत पहिल्यांदा, मी खिसा चाचपून पाहिला). शेजारी पिंपरीचा तो लेझर मशीनवाला मुद्दाम बसवलेला. साहेब म्हणाले, “दत्तोबा, माझी सगळी कारकीर्द तुझ्याकडं पडून हाय. जपलीस न्हवं?” मी म्हणालो, जपलीय साहेब, होती तश्शी. लेझरवाला खाली बघायला लागला. फार बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं उतरलं. कारण रविवारी दगड उभा राहिला नाही, तर पुढचे सगळे दगड त्या मशीनकडे जाणार, हे मला न सांगता सांगितलं होतं.

मला आणखी एक संशय आहे. तुमच्या वास्तुशांतीला आबाजी आले होते. चहा घेताना त्यांनी ओट्यावर बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, दगड वळखीचा वाटतोय. सगळे हसले. मी जरा जास्त हसलो.

दीपमालाला आशीर्वाद.

आपला,
दत्तोबा

ता. क. : तुमच्या लक्षात आलंच असेल. शेगडीखालच्या कपाटात डोकं घालून बॅटरीने वर बघा. अक्षरं खालच्या बाजूला आहेत. वरची बाजू मी चार दिवस घासून चकचकीत केली होती. पिठाच्या डब्यावर आबाजी, तेलाच्या डब्यावर अध्यक्ष, उडालेला कोपरा भिंतीकडे. शनिवारी तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेलात की दोन माणसं आणि टेम्पो घेऊन येतो. दीपमालाला एवढंच सांगा की दादा ओट्याला पॉलिश करून देणार आहे.

आणखी एक : ओट्याशिवाय तुम्हाला ठेवणार नाही. पुलावरचा २०१४चा दगड परवाच उपटून माझ्याकडे आलाय, तोच त्या जागी बसवतो. माप तेच, सहा बाय दोन. (सिंक वेगळ्या तुकड्यात का घेतलं, असं तुम्ही तेव्हा विचारलं होतंत.) फक्त त्यावर गरम कढई ठेवू नका आणि कोपरे सांभाळा. पुढची निवडणूक २०२९ला आहे.