पंख्याचा कौल

ताइनान,
जुलैचा ऐन उकाडा

ती. ली-चूताईस,

धाकट्या चिंग-त्सुनचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, तेवढी पाळतो. खरं काय ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर उतरली का? (आंब्यांची पेटी तुझ्या नावाने पाठवली आहे, त्यांच्या नाही, हे त्यांनी समजून घ्यावं.) हे सगळं घरच्या ग्रुपवर लिहिता आलं असतं, पण तिथे दाजी आहेत. ‘आई शिंकली’ एवढं लिहिलं तरी ते शिंकेवरचा उपाय आकृतीसकट पाठवतात. आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्याच पंख्याबद्दल आहे, म्हणून हा कागद.

आधी आईच्या डोळ्यांचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पुरता पिकलाय. परवा दारात आलेला पोस्टमन म्हणजे मीच असं समजून तिने त्याला ‘केस किती वाढवलेस, बायको काही बोलत नाही का’ म्हणून झापलं, आणि तो बिचारा ‘कापतो, कापतो’ म्हणत निघून गेला. हे हसण्यावारी गेलं. पण बाजारात रस्ता ओलांडताना एका स्कूटरवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून मी हे पत्र साध्या कागदावर लिहू शकतोय, काळ्या चौकटीच्या नाही. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळे पाठोपाठ करून टाकू, जितकं लांबवाल तितकं अवघड. तारीख मिळालीय. राहिलाय फक्त आईचा होकार, आणि तो होकार, ताई, दाजींच्या पंख्यात अडकून बसलाय.

तू म्हणशील, पंख्यात होकार कसा अडकेल? तेच सांगतो. मुळात शिंचूसारख्या वाऱ्याच्या गावात राहणाऱ्या माणसाने आम्हाला पंखा पाठवावा, यातच काहीतरी चुकलं होतं. बैठकीच्या छताला तो बसला. फिरतो झकास, सहा वेग आहेत, आवाज म्हणून नाही. पण त्याला बटण नाही! कोपऱ्यात बटाट्याएवढं एक पांढरं यंत्र आहे, ते खोलीत पाहत असतं. खोली तापली आणि कुणी हललं की पंखा सुरू. कुणी हललं नाही की थोड्या वेळाने बंद. शिवाय टीव्हीजवळ एक डबी आहे, ती तोंडी हुकूम ऐकते. आई तिच्याशी आपल्या तैवानीत बोलते, ती आईला मँडरिनमध्ये उत्तर देते, आणि दोघी आपापल्या जागी खूश असतात. (सासू-सुनांचं इतकं चांगलं जमलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही. हे माझ्या बायकोला वाचून दाखवू नकोस.)

आता आई दुपारी मालिका बघते म्हणजे काय करते, तुला माहीत आहे. दगडासारखी बसते. मग यंत्राला वाटतं, खोलीत कुणी नाही, आणि पंखा बंद. मग आईला उकडतं. मग ती ताडपत्राचा हातपंखा उचलून वारा घेते, आणि हात हललेला दिसताच वरचा पंखा सुरू होतो. म्हणजे आमच्याकडे पंखा चालू करायला आधी पंखा चालवावा लागतो. मी दाजींना हे कळवलं तर त्यांनी ‘आईंना अधूनमधून हलायला सांगा, तब्येतीलाही बरं’ असं उत्तर पाठवलं.

इथवर सगळं सोसलं. पण मग आप्पांचं वर्षश्राद्ध आलं. आईने पहाटेपासून खपून सगळं केलं: आप्पांच्या आवडीचं रटरटलेलं डुकराचं मांस, तळलेला मासा, बांबूच्या कोंबांची आमटी. देव्हाऱ्यापुढे मांडलं, उदबत्त्या लावल्या. राख उडू नये म्हणून मी डबीला पंखा बंद करायला सांगितलं, तिने ‘हो’ म्हटलं (तो हुकूम ती थोडाच वेळ पाळते, हे नंतर कळलं). थोड्या वेळाने आईने, आप्पा जेवले का, हे विचारायला कौलाच्या लाकडी फोडी हातात घेतल्या. ‘हो’ला एक उताणी, एक पालथी पडायला हवी; टाकल्या तर दोन्ही उताण्या, म्हणजे उत्तर नाही, नुसतं हसणं. आप्पा हसले. पुन्हा टाकल्या; पुन्हा हसले. (जिवंतपणी कधी इतके हसल्याचं मला आठवत नाही.) तिसऱ्यांदा फोडी घरंगळत टेबलाखाली गेल्या, आई त्या शोधायला वाकली, यंत्राला ती हललेली दिसली, आणि पंखा भर्रकन सुरू! उदबत्तीची राख मांसावर, मांसाची वाफ माझ्या चष्म्यावर, आणि आप्पांच्या नावाने जाळायच्या कागदी नोटा थेट समोरच्या युए-श्या काकूंच्या मासळीच्या पेजेच्या पातेल्यापर्यंत. मी डबीवर ओरडतोय, डबी मला आजचं हवामान सांगतेय. आणि आई मात्र जमिनीवर बसल्या बसल्या वर बघून शांतपणे म्हणाली, “झालं रे. जेवले. जेवण झालं की आधी वाराच लागायचा त्यांना.”

त्या दिवसापासून लाकडी फोडी कपाटात गेल्या. आता कौल पंखा देतो. लागला तर आप्पा हो म्हणाले, नाही लागला तर नाही. आणि ताई, खरं सांगू का, सुरुवातीला मला बरंच वाटलं. वर्षभर ती त्या खोलीत बसून भिंतीकडे बघायची, आता निदान कुणाशी तरी बोलते. “आज सुरमई आणू का हो?” म्हणत फुलांचा झगा सावरत उठते, पंखा लागतो, सुरमई येते.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. युए-श्या काकू तर रोजच्या झाल्यात. त्या बोलतात ते हातांनी, तोंड नुसतं साथीला असतं. त्यामुळे त्यांनी काहीही विचारलं की पंखा गरगरा लागतो. जावई सुधारेल का? हो. शेजारच्याचा कोंबडा गप्प होईल का? हो. पंखा कितीवर स्थिरावतो त्यावरून लॉटरीचा आकडा लावायलाही त्यांनी सुरुवात केलीय. आप्पा काकूंना कधी नाही म्हणत नाहीत, हे आईच्या लक्षात आलंय, आणि ते तिला अजिबात आवडलेलं नाही. “जिवंत होते तेव्हाही त्यांना तिच्याच हातची पेज लागायची,” एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे फळं ठेवली नाहीत.

मग आईने डोळ्यांचं विचारलं. न्हाऊन, स्वच्छ कपडे घालून, हात जोडून, डोळे मिटून, श्वास रोखून उभी राहिली. मनापासूनचा प्रश्न माणूस असाच विचारतो. आणि जी हलतच नाही तिला ते यंत्र कशाला जुमानतंय? पंखा ढिम्म. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, “नको म्हणतायत.” म्हणजे बघ, सुरमईला हो आणि डोळ्यांना नाही!

मी समजावलं. यंत्र दाखवलं, स्वतः त्याच्यापुढे नाचून दाखवलं (बायकोने त्याचा फोटो काढलाय, तो ग्रुपवर येईल, मनावर घेऊ नका). आई म्हणाली, “तू नाचलास तर ते तुझ्याकडे बघून वैतागले असतील.” शेवटी मी लबाडी करायचं ठरवलं. तिला म्हटलं, असा मोठा प्रश्न एकदा विचारून भागत नाही, पुन्हा विचार. ती उभी राहिली, आणि मी फोन घेऊन (पंखा त्यावरूनही चालतो) स्वयंपाकघरात दबा धरून बसलो. तिचा प्रश्न संपला तसा मी फोनवर अंगठा दाबला. घाईत तो सहावर दाबला गेला. कॅलेंडर भिंतीवरून उडालं, आईची वेणी उडाली. ती मागे वळूनही न पाहता म्हणाली, “चिंग-त्सुन, बाहेर ये. तुझ्या आप्पांनी जन्मात कधी दोनच्या वर पंखा लावला नाही. वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?”

तर ताई, आता तूच काहीतरी कर. दाजींना विचार, हे यंत्र असं करता येईल का की स्तब्ध उभ्या माणसाचीही त्याने दखल घ्यावी? तारीख पुढच्या बुधवारची आहे, त्याआधी येऊन तूच आईशी भांड. मला रात्रंदिवस तो स्कूटरवाला दिसतो. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू पडेल ते.

तुझा,
चिंग-त्सुन

ता. क. पाकीट चिकटवायला आईकडे डिंक मागितला तर तिने विचारलं, बहिणीला एवढं काय लिहिलंस? मी सांगून टाकलं. मला वाटलं चिडेल, पण ती हसायला लागली. “अरे, पंखा विजेवर चालतो हे मला कळत नाही होय? मोतीबिंदू डोळ्यांत झालाय, डोक्यात नाही.” मग ऑपरेशनला का नको म्हणतेस, म्हटलं. तिने डिंकाची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “त्यांची बनियन मी अजून त्यांच्या खुर्चीवर टाकते. पंखा लागला की ती हलते. मला या डोळ्यांनी तिथे तेच बसलेले दिसतात, पोट खाजवत. डोळे लख्ख झाले की बनियन दिसेल.” ताई, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, डिंकाची बाटली हातात धरून रडलो.

ता. क. दाजींना पंख्याबद्दल काही विचारू नकोस. वर लिहिलेलं सगळं खोडायला हवं, पण कागद चांगला आहे. पंखा आहे तसाच राहू दे.

ता. क. पत्र परत उघडलं. आई आत्ता येऊन सांगून गेली: “उजवा करून घेते. डावा राहू दे.” यावर ती एक शब्द ऐकायला तयार नाही, आणि खरं म्हणजे मलाही बोलवत नाही. म्हणून मंगळवारीच ये. दोन डोळ्यांसाठी आईशी भांडायला तुला बोलवायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता एका डोळ्यासाठी डॉक्टरांशी भांडायला ये.