थोडे जिवंत आहेत

मंगळवार, संध्याकाळ. पांढरकवडा.

नागपूरहून आत्ताच आलो. साडीही बदलली नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

ह्यांच्या जनुकांच्या तपासणीत काय निघालं, ते डॉक्टरबाईंनी समजावलं. बीजपेशी जगवणाऱ्या जनुकांचा एक तुकडाच ह्यांच्यात जन्मापासून नाही. पेशी तयार होतात, पण बहुतेक टिकत नाहीत. ह्यांनी विचारलं, "म्याडम, कपाशीवर फवारणी करतो, त्यानं झालं का?" बाई म्हणाल्या, नाही, आईवडिलांकडूनही आलेलं नाही, गर्भातच आपोआप घडलं. अंडकोषातून काढलेल्या नमुन्यात थोडे शुक्राणू जिवंत सापडलेत, त्यांच्यापासून मूल होऊ शकतं. हा तुकडा पुरुषांच्याच गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलगा झाला तर त्यालाही हीच अडचण येईल, हेही सांगितलं.

थोडे जिवंत आहेत. बसमध्ये हे तेवढंच पुटपुटत होते. आणि मला हायसं वाटत होतं, माझ्यात दोष नाही म्हणून! ह्यांचं दुःख समोर असताना असं वाटावं का?

घरात शिरताच सासूबाईंनी मलाच विचारलं, "तुह्यात काय निंगालं?"

ह्यांनी चप्पलही काढली नव्हती. "आई, तिच्यात काईच नाही. माह्यात हाय, जल्मापासून. आता तिले बोलायचं नाही."

सासूबाईंनी विचारलं, "माह्यापासून आलं का रे?"

"कोनापासूनच नाही. कोनाचाच दोष नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य या घरात पहिल्यांदा ऐकलं. मी चहा ठेवायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "बस तू. थकून आली." चहा त्यांनीच केला. साखर फार पडली होती. तिघांनीही पूर्ण प्यायला.