पडून राहिलेला उतारा

सोमवार, ४ मार्च

पुन्हा तेच! हॉस्पिटलच्या स्टोअरचे साहेब — मी त्यांना मनातल्या मनात 'लाल पेन' म्हणते — यादी घेऊन आमच्या औषधखिडकीवर हजर. दोन वर्षांत न हललेली औषधं कंपनीला परत जाणार. पहिलंच नाव धुराच्या विषावरच्या उताऱ्याचं! आगीत कोंडलेल्या माणसाच्या अंगात धुराबरोबर सायनाइड जातं, त्यावरचं हे इंजेक्शन. दोनच डबे. मिनिटांत द्यावं लागतं, म्हणून कॅज्युअल्टीच्या कपाटात ठेवलेत.

म्हटलं, "अहो, दोन वर्षं लागलं नाही हे चांगलंच ना?" तर म्हणे, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा." डोकंच फिरलं. खोकल्याचं औषध आणि उतारा एकाच मापात!

मंगळवार, ५ मार्च

मोठ्या साहेबांना पत्र दिलं. "बघू." हे तिसरं बघू.

गुरुवार, ७ मार्च

लेक म्हणाली, "आई, भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" खरंय. लाल पेनवरचा राग मी घरी आपटत बसते.

शुक्रवार, ८ मार्च

उद्या माल न्यायला गाडी येणार. यादीवर सही झाली — बघू म्हणणाऱ्यांचीच! मग मीही ऐकते की काय! संध्याकाळी दोन्ही डबे कपाटातून काढले, माझ्या टेबलाच्या खणात घातले, कुलूप लावलं. ने आता काय नेतोस ते! कॅज्युअल्टीच्या सिस्टरना सांगणार होते, पण त्यांच्यापुढे ही गर्दी. सोमवारी सांगेन. कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

शनिवार, ९ मार्च

सुट्टी. लाल पेनचा फोन, "डबे कुठायत?" म्हटलं, "मला काय माहीत!" अगदी तोंड वर करून.

सोमवार, ११ मार्च

काल दुपारी गादीच्या कारखान्याला आग लागली. सिस्टर फोनवर रडत होत्या, "कपाट रिकामं आहे हो!" मी ओरडले, "माझा खण फोडा!" कुलूप तुटेपर्यंत वीस मिनिटं गेली. दोन कामगार होते. एक वाचला.

लाल पेन आज माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "तुम्ही लपवले नसते तर एकही वाचला नसता." असेल. पण सिस्टरना एक वाक्य सांगितलं असतं तर? अहवालात उशिराच्या कारणापुढे मी माझं नाव लिहिलं.